हळकुंडी गेली मिरजेला

अगं, ये की अशी भिंतीजवळ. तिकडून बोललीस तर चार घरांना ऐकू जाईल, आणि ही गोष्ट हळू सांगायची आहे, बाई मागच्या दारीच असतील. आल्या आल्या पहिल्या रात्री पिल्लाची कुईकुई ऐकलीस आणि आता सगळं चिडीचूप, म्हणून विचारतेयस ना? गेली ती. मिरजेला दिली. विकली नव्हे गं, दिली. बाई पैसे घेत नाहीत. उलट औषधाला घालतात.

या आपल्या ड्रॉइंगच्या बाई. सगळी कॉलनी बाईच म्हणते, निम्म्या सांगलीला त्यांनी फळाफुलांची चित्रं काढायला शिकवलंय. त्यांचं असं आहे, स्वतःचं कुत्रं एकही नाही आणि घर कधी कुत्र्यावाचून नाही. रस्त्यावर सापडलेली, आईवेगळी, खंगलेली पिल्लं यांच्याकडं येतात. या त्यांना ठणठणीत करतात, माणसात आणतात आणि चांगलं घर बघून देऊन टाकतात. फॉस्टर म्हणतात म्हणे त्याला. मी तोंडावर विचारलं होतं, बाई, हे दुसऱ्याचं बाळंतपण आपल्या घरी कशाला? तर म्हणाल्या, २०१९ च्या पुरापासून लागली सवय. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली, माणसं बोटीतून काढली आणि कुत्री राहिली गच्च्यांवर, पत्र्यांवर. पोरं मागनं जाऊन त्यांना आणायची. पण आणून ठेवायची कुठं? आपल्या गल्लीत पाणी नव्हतं. बाईंची पडवी रिकामी होती. झालं.

तर ही हळकुंडी. फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात नवी हळद यायला लागते, माहिती आहे ना? पोती उतरवताना एका हमालाला थप्पीच्या मागं दिसली. भावंडं होती, ती गेलेली. काही ट्रकखाली, काही अशीच. बाईंची भाची शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेजात आहे, ती सांगत होती, कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरची पिल्लं जन्मापासून मोजली. २०१६ मध्ये छापून आलं ते. शंभरातली एकोणीसच वयात येईपर्यंत टिकतात. आणि जी मरतात त्यातली निम्म्याहून जास्त माणसाच्या पायी, गाडीखाली नाहीतर मारून. मला हे ऐकून त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण उशिरा.

आली तेव्हा पिवळीजर्द. कानापासून शेपटीपर्यंत हळद. रंगपंचमी व्हायची होती अजून, सगळ्यांना वाटलं पोरांनी रंगवलं. आमचे हे म्हणाले, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं पुष्कळ बघितली, ही अख्ख्या पोत्यात लोळून आलीय, तरी तोरा म्हणून नाही. तिथंच नाव पडलं.

आंघोळ? मीही तेच म्हटलं, बाई, आधी धुऊन काढा. बाई म्हणाल्या, माणसाचा पहिला हात लागायचा तो पाण्यात बुडवायलाच का? राहू दे पिवळी. पुढं बऱ्याच दिवसांनी ओल्या फडक्यानं पुसत पुसत खरा रंग निघाला, तपकिरी अंग आणि चारी पाय पांढरे. तोवर बाईंच्या फरशीवर, गोधडीवर, सगळीकडं पिवळे ठसे. त्यांच्याकडं कुणी आलं की वाटायचं, घरात हळदीचा कार्यक्रम झालाय.

भित्री किती म्हणशील? शिलाई मशीनच्या खाली जी घुसली ती घुसलीच. बाईंनी सफरचंदाचा रिकामा खोका आडवा करून शेजारी ठेवला, आत जुनी गोधडी. रात्री कधीतरी ती मशीनखालून खोक्यात गेली. तेवढाच प्रवास. समोर खायची नाही, ताटली ठेवून आपण दुसऱ्या खोलीत गेलो की खायची. शी-शू तिथंच. कुणी खाकरलं तरी भिंतीला चिकटायची. मी म्हटलं, अहो, बिचारीला मायेनं जवळ घ्या, थोपटा. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं कुणी चित्रात झाडाला निळा रंग दिलाय. म्हणाल्या, भ्यालेल्याला धरलं की त्याला माया कळत नाही, आपल्याला पकडलं एवढंच कळतं.

आणि मग मला शिकवायला बसल्या, सवय जाते होय? शेपूट पोटाखाली, कान मागं, हे आपल्यालाही कळतं. पण झोप नसताना जांभई देते, खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवते, तोंड एकीकडं आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघते, ही सगळी ‘लांब राहा’ची चिन्हं. आपण म्हणतो, अगोबाई, जांभई कशी गोड देतेय! तिच्या नजरेला नजर लावायची नाही, ते तिला धमकावल्यासारखं वाटतं. डोक्यावरनं हात आणायचा नाही. तिची ती आली तर हनुवटीखाली, छातीला बोट लावायचं, आणि लगेच हात मागं घ्यायचा. अजून हवं असेल तर तीच पुढं येते.

बाकी काय करायच्या? काही नाही. तेच तर सांगतेय. तिच्याकडं पाठ करून जमिनीवर बसायच्या, चित्र काढत. मधनंच उकडलेल्या कोंबडीचा चिमूटभर तुकडा मागं टाकायच्या, आणि वळून बघायच्या नाहीत. टाकला की उलट स्वतःच थोडं लांब सरकायच्या. का, तर कोंबडी पाहिजे असेल तर माणसाच्या जवळ यावं लागेल असं तिला वाटलं तर ती भीत भीत येते, खाते आणि तशीच भेदरलेली राहते. माणूस लांब जातो आणि कोंबडी राहते, हे पटलं की माणसाची भीती उतरायला लागते. काही न करणं हे काम सोपं नाही हं. आपल्याला चहा उकळेपर्यंत गप्प उभं राहवत नाही.

आता खरी गंमत. तुला माहितीये, मी आणि बाई रोज चारच्या सुमाराला या भिंतीशी उभ्या असतो. ते काय आजचं नाही. तर एके दिवशी बाई हळूच म्हणाल्या, बोलत राहा, खाली बघू नका. मी म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, बोलत राहा. मी बोलत राहिले, मला काय सांगावं लागतं? मागच्या दाराच्या उंबऱ्यावर पिवळं नाक बाहेर आलं होतं. दुसऱ्या दिवशी नाक आणि डोळे. मग अख्खी. दोन बायका आपापल्यात रमल्यात, तिच्याकडं कुणी बघत नाही, आवाज रोज तोच, चढ-उतार ठरलेले. तिच्या दृष्टीनं यापेक्षा निर्धास्त जागा कुठली? मला वाटत होतं बाईंना माझ्या गप्पा आवडतात म्हणून खोका दारात आणून ठेवतात. नंतर कळलं, मी औषध होते. पण मी मनावर घेतलं नाही. कॉलनीत सगळे म्हणतात बाईंनी कुत्रं माणसात आणलं. आणलं असेल. पण ते माझ्या नणंदेच्या सुनेच्या भानगडी ऐकत आलं, हे कुणी सांगत नाही.

भाची म्हणते, त्याला कारण आहे. पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत उघडं असतं. त्या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते आपलं. नंतरचं सगळं परकं. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर म्हणून दोघांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात आहे म्हणे. हळकुंडी आली तेव्हा दोन महिन्यांची. म्हणजे दार मिटायलाच आलेलं.

आणि नेमकं तेव्हाच बाहेर फिरवायची सोय नाही, कारण लसी पुऱ्या व्हायच्या असतात. पार्व्हो म्हणून रोग आहे, रक्ताची हगवण लागते, दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. त्याचे विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतात, फिनेलला दाद देत नाहीत, ब्लीचनं मरतात. म्हणून रस्त्यावर खाली सोडायचं नाही. मग बाईंनी काय केलं? ओढणीची झोळी. झोळीत कुत्रं घालून बाई भाजी आणायला. लोक बाळ समजून वाकून बघायचे आणि दचकायचे. भंगारवाल्याची आरोळी, कुकरची शिट्टी, शाळेची व्हॅन, सगळं लांबून लांबून दाखवलं. लग्नसराई तोंडावर, म्हणून मोबाइलवर बॅन्डचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि तेवढ्यात कोंबडी द्यायची. रोज थोडा मोठा. आमच्या ह्यांना ‘आज मेरे यार की शादी है’ इतकं पाठ झालं की ते दाढी करताना गुणगुणायला लागले.

या ह्यांचंच एक सांगते. माझी जाऊबाई तासगावची, बेदाणा घरचा. शिऱ्यात मी हात सैल सोडते. हे कुंपणावरून वाटीभर शिरा घेऊन निघाले, म्हणे लेकराला गोड. बाई अशा धावल्या, अशा धावल्या, निवृत्त बाई धावू शकतात हे मला तेव्हा कळलं. अगं, द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे! मूत्रपिंडं बंद पडतात. किती खाल्ला तर होईल हेही सांगता येत नाही, एखाद्याला थोडासुद्धा पुरतो. अख्खा जिल्हा द्राक्षावर जगतो आणि ही गोष्ट निम्म्यांना माहीत नसेल. कांदा-लसूणही नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे तुझे पोहे बाद, माझी आमटी बाद. चॉकलेट तर नाहीच नाही. गाईचं दूधही पुष्कळ पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. आणि आपण पहिल्यांदा काय ठेवतो? दुधाची वाटी. ह्यांनी शिरा परत आणला आणि स्वतः खाल्ला. त्यांना शुगर आहे, ते वेगळंच.

चावली का? छे गं. तिला पळायचं माहीत, चावायचं नाही. कोपऱ्यावरच्या पोराला एकदा नख लागलं. त्याची आजी हळद घेऊन धावली. सांगलीत असलो म्हणून काय प्रत्येक गोष्टीला हळद लावायची? बाईंनी पोराला नळाखाली धरलं, साबण लावून चांगली पंधरा मिनिटं धुतलं आणि लगेच दवाखान्यात पाठवलं. पिल्लू असलं तरी. पिसाळण्याची लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर देतात, ती व्हायची होती अजून. आणि हा रोग एकदा अंगात उमटला की त्यावर औषध नाही, त्यामुळं तिथं भिडेखातर गप्प बसायचं नसतं. हे मला पटलं. बाई कुत्र्यांच्या बाजूच्या आहेत, पण डोळे झाकून नव्हेत.

यावरून कॉलनीच्या ग्रुपवर महाभारत झालं, ते तू वाचलं नाहीस बरं झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री उचला म्हटलं, तो ११ तारखेचा निकाल आमच्या सेक्रेटरींनी जपून ठेवलाय. २२ तारखेला त्याच कोर्टानं तो बदलला, नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, ते मात्र त्यांच्या फोनमध्ये पोचलंच नाही. बाईंनी पाठवलं. त्यावर त्यांनी नमस्काराचा हात टाकला. मला विचारशील तर दोन्हीकडं थोडं खरं आहे. पोरांच्या मागं कुत्री लागतात तेव्हा मलाही धडकी भरते. पण ती कमी व्हायची तर जन्माला येणं कमी व्हायला पाहिजे, एवढं गणित मलाही येतं. रस्त्यावरच्या काही कुत्र्यांच्या कानाचा तुकडा कापलेला असतो, बघितलास? मी मारामारीत तुटला समजायचे. ती नसबंदी झाल्याची खूण असते.

हां, तर धीट झाली कशी कळलं, ते ऐक. मी कुरडया घातल्या होत्या, अंगणात, जुन्या साडीवर. गव्हाचा चीक काढायचा, दोन दिवस भिजत घाला, वाटा, हात मोडून येतात. दुपारी डोळा लागला. उठून बघते तर एका कोपऱ्यातल्या गायब. आणि भिंतीखालच्या पाण्याच्या भोकातनं, त्या तिथनं बघ, एक पांढरा पाय बाहेर येतोय, ओढतोय, परत आत. जी आपल्या ताटलीतलं आपल्यासमोर खात नव्हती, ती दुसऱ्याच्या अंगणात येऊन चोरी करतेय! मी ओरडले. नेहमीची असती तर मशीनखाली गेली असती. ही कुरडई तोंडात धरून तिथंच उभी राहिली, शेपूट वर, माझ्याकडं सरळ बघत. बाई भिंतीवरून डोकावल्या आणि त्यांना काय आनंद झाला! माझ्या कुरडया गेल्या आणि यांना आनंद. म्हणाल्या, आता द्यायला हरकत नाही.

द्यायचं म्हणजे वरसंशोधन. काय एकेक आले! एकांनी फोनवरच विचारलं, नर आहे का? मादी म्हटल्यावर फोन ठेवला. असेच जास्त. मुली नकोत, इथंसुद्धा. दुसऱ्यांना शेतावर हवी होती, द्राक्षबागेवर. मी म्हटलं, चांगलंय की, मोकळी हवा. बाईंनी विचारलं, रात्री कुठं असेल? ते म्हणाले, साखळीला. आणि तुम्ही? आम्ही गावात. बाईंनी चहा पाजून वाटेला लावलं. वर तिथं बेदाण्याची भीती होतीच. आमच्या भाऊजींनी तर नाकच मुरडलं. म्हणे गावठीला एवढं कोण विचारतं, पाळायचं तर मुधोळचं. इथून मुधोळ काय लांब! घोरपड्यांच्या संस्थानातलं ते कुत्रं, आपल्याकडं कारवानी म्हणतात, २००५ मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं, सगळं खरं. पण भाऊजींच्यानं सकाळी दूध आणायला जाववत नाही, ते पळायला जन्मलेलं कुत्रं फिरवणार कधी?

मग मिरजेचे ते आले. तंबोरे करणारे. त्या गल्लीत घरोघर तेच, पंढरपूरकडून भोपळे येतात, वाळवायचे, कोरायचे, तारा चढवायच्या. नवराबायको दोघं आले. बाई आधीच सांगून ठेवतात, आल्या आल्या हाक मारायची नाही. बाकीचे हो हो म्हणतात आणि दारातनंच चुटक्या वाजवतात. हे गृहस्थ आले, भिंतीला टेकून खाली बसले आणि बसूनच राहिले. बायको बाईंशी बोलत होती, हे गप्प. ऐकत असल्यासारखे. आयुष्य तारा लावण्यात गेलेलं, जव्हारी काढायला बसले की तासन् तास एकाच स्वरावर कान, त्यांना कसली घाई! हळकुंडी खोक्यातनं उठली, लांबून एक फेरी मारली, मग जवळनं. मग त्यांच्या बोटांचा वास घेतला. लाखेचा, लाकडाचा, कसला असेल तो. त्यांनी हात हलवला नाही. ती तिथंच बसली. मी इथनं बघत होते, मुद्दाम नव्हे, दोरीवरचे कपडे काढत होते.

तरी बाईंनी सोडलं नाही. त्यांचं घर बघून आल्या, माडीचे कठडे, गेट, सगळं. वय झालं की नसबंदी करणार, नाही जमलं तर रस्त्यावर न सोडता इथंच परत आणणार, हे लिहून घेतलं. लसीचं कार्ड दिलं. ती पिवळी गोधडी दिली, धुतलेली नव्हे, तशीच, वास ओळखीचा राहावा म्हणून. मी म्हटलं, बाई, एवढा जीव लावलात, ठेवूनच घ्या की. बाई म्हणाल्या, ठेवते. पण मग पुढच्याला कुठं ठेवू, तुमच्याकडं? मी म्हटलं, अगोबाई, गॅसवर दूध आहे माझं.

कशी आहे म्हणतेस? पहिले दोन दिवस तिथंही कपाटाखाली. आता तंबोरा लावायला बसले की बाहेर येते म्हणे. फोन येतो बाईंना, मला भिंतीवरून अर्धाच ऐकू येतो. आणि बाई भेटायलाही जाऊ देत नाहीत, महिनाभर तरी नको, तिला तिथलं होऊ द्या म्हणतात. बरोबर आहे. मी कुठं चाललेय? गुरुवारी ह्यांचा गुडघा दाखवायला मिरजेला जायचंच आहे. तिथवर गेलोच आहोत तर म्हटलं त्या गल्लीतनं एक चक्कर टाकावी. तंबोरा बघायला.

काय म्हणालीस? गाता कुठं येतं? न येऊ दे. किंमत विचारायला काय जातं? आणि त्यांना बेदाण्याचं कुणी सांगितलंय की नाही, तेही विचारून येईन. बाईंना बोलू नकोस हं.